फक्त बघायची परवानगी

माझी आजवरची सगळी कमाई एका नियमावर उभी आहे: पहिल्या भावाला हो म्हणायचं नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला तोंड वाकडं करायचं, पर्स काखेत घट्ट धरायची आणि दुकानातून बाहेर पडून दहा पावलं चालायची. सातव्या-आठव्या पावलाला मागून हाक येतेच, "अरे मैडम, सुनो तो सही!" हाक आली की भाव आपला. ही हाक मी इंदूरच्या जवळजवळ प्रत्येक बाजारात ऐकली आहे. एकाच ठिकाणी ती आली नाही, आणि ते ठिकाण म्हणजे माझं स्वतःचं ऑफिस. त्याचा राग माझ्या पोटात अजून आहे. तो तिथून काढायचा माझा विचार नाही.

आमचे पणजोबा, आजोबा महूच्या छावणीत फौजेत होते, वडील नोकरीत. घरात पगार न घेता पगार देणारी मी पहिलीच. इंदूरच्या अन्नपूर्णा भागात अर्ध्या दुकानात सुरुवात केली. दुसऱ्या अर्ध्यात एक टेलर बसायचा. माझ्या बाजूला असेंबल केलेले कॉम्प्युटर असत, त्याच्या बाजूला लग्नाचे ब्लाउज. आता राजेंद्र नगरात पहिल्या मजल्यावर ऑफिस आहे, नऊ माणसं आहेत. दुसऱ्यांची सॉफ्टवेअरं चालती ठेवणं हे आमचं काम. दोन शाळा, काही दवाखाने आणि सगळ्यांत मोठा मानपुरचा एक ट्रान्सपोर्टवाला. त्याची कुठली गाडी कुठे पोचली, कुठल्या मालाची पावती फाटली, हे सगळं आमच्याकडे. ज्या मशीनवर हे चालतं, त्या मशीन आम्ही भाड्याने घेतो. त्या कुठल्या गावात आहेत ते मला माहीत नाही. न बघता घेतलेली माझ्या आयुष्यातली ती एकमेव वस्तू.

या मशीनचा कारभार आमचा मोठा इंजिनीअर बघतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ऑफिसात मी त्याला दप्तरदार म्हणते, तोंडावरसुद्धा. त्याच्या पूर्वजांनी दरबाराची कागदपत्रं सांभाळली, आणि तो वारसा त्याने अजून सोडलेला नाही. सुट्टी हवी तर अर्ज करतो. चहात साखर कमी हवी असेल तरी ऑफिसच्या ग्रुपवर लिहितो. आमच्याकडे रीत उलटी. आमच्या घराण्यात हुकूम तोंडाने दिला जायचा आणि तोंडानेच पाळला जायचा.

एक दिवस त्याने मला आपल्या टेबलाशी बोलावलं. स्क्रीन काळी, त्यावर पांढरी अक्षरं, चित्र एकही नाही.

"मॅडमजी, आजपर्यंत आपण वेबसाइटवर जाऊन एकेक बटण दाबत होतो. कोणी कधी काय दाबलं, कोणाला पता नाही. आता आपल्याला काय काय पाहिजे ते सगळं फाइलीत लिहायचं. एवढ्या मशीन, एवढी जागा, या माणसाला ही परवानगी. मग ही कमांड द्यायची. ती फाइल वाचते, तिकडे खरोखर काय आहे ते बघते, आणि फरक सांगते."

त्याने कमांड दिली. स्क्रीनवर भराभर ओळी उतरल्या. नवीन काय येणार त्यापुढे हिरवं अधिक, काय बदलणार त्यापुढे पिवळी खूण, काय जाणार त्यापुढे लाल उणे. सगळ्यांत खाली एक ओळ: अॅड इतके, चेंज इतके, डिस्ट्रॉय इतके. आणि मग सवाल. हे सगळं करू का? फक्त 'यस' लिहिलं तरच करीन.

मी खुर्ची ओढून बसले. "अरे, हे तर कोटेशन आहे!"

"प्लॅन म्हणतात याला."

"नाव काही असू दे. काय देणार, काय घेणार, काय तोडणार, लिहून दिलंय आणि खाली सही मागतंय. याला कोटेशनच म्हणतात. सरका."

मी 'नो' लिहिलं. दप्तरदार दचकला. "का?"

"पहिल्या वेळेला हो म्हणतात का कधी? परत चालवा."

परत तेच कोटेशन आलं. अॅड दोन, चेंज एक. मी परत 'नो' लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. एक आकडा हलला नाही.

"मॅडमजी," तो म्हणाला, "ही फिक्स रेटची दुकान आहे."

खरं सांगायचं तर मला तो टूल आवडला. बाजारात इतकी वर्षं काढली, पण कुणी मला तोडफोड आधी लिहून दाखवली नव्हती. सुतार सांगतो का, कपाट बसवताना भिंतीचा पोपडा निघेल म्हणून? मी रोज थोडं थोडं शिकले. कमांड कशी द्यायची, लाल उणे कसं शोधायचं. कोटेशन मी नेहमी खालून वर वाचते, कारण दुकानदार खरी गोष्ट तळाला बारीक अक्षरात लिहितो. हा प्लॅनही मी तसाच वाचायला लागले. दप्तरदार वरून खाली वाचायचा, पोथी वाचावी तसा.

मग तो मोठ्या मशीनचा मामला झाला. मानपुरवाल्याचं काम वाढलं होतं, मशीन अपुरी पडत होती. मशीन भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या एजंटाला मी फोनवर धरलं. दोन दिवस त्याच्याशी भांडले, तीनदा फोन आपटला, आणि शेवटी लहान मशीनच्या भाड्यात मोठी मशीन पदरात पाडून घेतली. फोन ठेवल्या ठेवल्या वेबसाइट उघडली आणि स्वतःच्या हाताने मशीन बदलली. सौदा पक्का झाला की माल लगेच उचलायचा, नाहीतर समोरचा विचार बदलतो. त्या संध्याकाळी मी सगळ्या ऑफिसला गरमागरम तळलेला गराडू, आमच्याकडचा थंडीतला कंद, खिलवला.

दुसऱ्या दिवशी दप्तरदाराने नेहमीसारखी कमांड दिली. टूलने बघितलं, फाइलीत लहान मशीन लिहिलीय आणि तिकडे मोठी उभी आहे. त्याच्या हिशेबाने ही चूक. त्याने इमानदारीने लिहिलं, चेंज एक. दप्तरदाराने 'यस' लिहिलं. टूलने माझी मोठी मशीन बंद केली, लहान करून परत चालू केली. तेवढ्या वेळात मानपुरच्या गेटवर पावत्या निघेनात आणि ट्रकांची रांग हायवेपर्यंत गेली.

मानपुरवाल्याचा फोन आला. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात, त्यांनी त्याचा ऐकलेला नाही.

"मैडम, गाड़ियाँ कां गईं मेरी? स्क्रीन पे तो सन्नाटा है!"

त्याला शांत करून मी दप्तरदाराच्या टेबलाशी गेले. पुढचं सगळ्या ऑफिसने ऐकलं, खालच्या मेडिकलवाल्यानेही ऐकलं असणार.

"माझा सौदा कोणी तोडला?"

"मॅडमजी, तुम्ही हाताने बदललं. फाइलीत लिहिलं नाही. जे फाइलीत नाही ते टूलसाठी नाहीच."

"मी त्या माणसाशी जबानी ठरवलं होतं!"

"टूल जबान नाही ऐकत."

"आणि तुम्ही न वाचता यस लिहिलं! काय चेंज होतंय ते बघायला नको?"

"मी वाचलं. फाइलीप्रमाणे होत होतं."

तो शांतपणे बोलत होता, आणि माणूस शांतपणे बोलला की माझं डोकं जास्त तापतं. तो म्हणाला की दोन माणसं दोन रस्त्यांनी बदल करणार असतील तर असं पुन्हा होईल. मग मी ते वाक्य बोलले.

"असं असेल तर मला ती परवानगी नकोच! काढून घ्या! तुम्हीच चालवा कंपनी!"

आणि पर्स काखेत धरून निघाले.

इथे लक्षात घ्या, मी सौदा तोडत नव्हते. मी चालत होते. इंदूरच्या कुठल्याही माणसाला याचा अर्थ समजतो. त्याच्या टेबलापासून माझ्या केबिनचं दार बरोबर दहा पावलांवर आहे. मी पावलं सावकाश टाकली. सहाव्या पावलाला पिण्याच्या पाण्याच्या मशीनपाशी थांबून पाणीसुद्धा प्यायले, म्हणजे त्याला वेळ मिळावा. "अरे मॅडमजी, ऐका तर खरं" एवढंच म्हणायचं होतं. मी थोडे आढेवेढे घेऊन परतले असते, फाइलीत लिहायचं कबूल केलं असतं, मामला संपला असता.

मागून फक्त कीबोर्डचा आवाज आला.

केबिनमध्ये पोचते तोवर ऑफिसच्या ग्रुपवर प्लॅन येऊन पडला होता. कुठलाही बदल करायच्या आधी प्लॅन ग्रुपवर टाकायचा हा नियम मीच केला होता, मशीनचा तो प्लॅन मात्र मी वाचला नव्हता. मी खालून वाचला. अॅड शून्य, चेंज शून्य, डिस्ट्रॉय एक. ते एक म्हणजे मी होते. माझी परवानगीही फाइलीतली एक ओळ होती, आणि त्याने ती काढून टाकली होती. खाली लिहिलं होतं, "मॅडमजींच्या सूचनेवरून." मी बघत असतानाच त्याने 'यस' लिहिलं असणार, कारण एका मिनिटात माझ्या स्क्रीनवर निरोप आला की आता तुम्हाला फक्त बघायची परवानगी आहे.

माझी कंपनी. भाडं माझं, पाटी माझी, शटरची किल्ली माझी. आणि मी नुसती बघ्या!

परत मागायला काय जात होतं? पण मागायचं म्हणजे अर्ज करायचा, आणि अर्ज मी बँकेलासुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेते. तो बोलावील म्हणून मी थांबले. त्याला वाटत होतं, मॅडमजींनी स्पष्ट सूचना दिली, आपण पाळली. माझी मोठी मशीनही त्याने फाइलीत लिहून परत उभी केली होती. आम्ही दोघं रोज एकमेकांना नमस्कार करत होतो आणि चार महिने असेच गेले.

या चार महिन्यांत मी बघायची परवानगी पुरेपूर वापरली. ग्रुपवर येणारा प्रत्येक प्लॅन वाचला. एवढ्याशा कामाला एवढी मोठी जागा कशाला, ही मशीन कोणाच्या कामाची, असं रोज विचारलं.

"मॅडमजी, परवानगी बघायची आहे," एकदा तो वैतागून म्हणाला.

"डोळ्याने बघते, तोंडाने विचारते. तोंडाची परवानगी फाइलीत कुठे लिहिलीय दाखवा."

तो परत कीबोर्डकडे वळला.

उन्हाळा लागला आणि ऑफिसचा हवेचा कूलर बंद पडला. मी अन्नपूर्णाला कूलर घ्यायला गेले. दुकानदार जुना ओळखीचा, म्हणजे जुना शत्रू. पाऊण तास झाला. मी त्याच्या जाळीला नावं ठेवली, पत्रा पातळ आहे म्हणाले, तो म्हणाला, "मैडम, आपके लिए तो घर से डाल रिया हूँ." मी पर्स काखेत धरली आणि निघाले. तिसऱ्या पावलाला फोन वाजला. ग्रुपवर प्लॅन आला होता.

चालता चालता खालची ओळ वाचली. अॅड एक, चेंज शून्य, डिस्ट्रॉय एक.

एक येतंय, एक जातंय. वर सरकले. लाल उणे कशापुढे आहे? मानपुरच्या डेटाच्या जागेपुढे. ज्यात त्याच्या सगळ्या पावत्या, सगळ्या गाड्या, सगळा माल आहे, त्या जागेपुढे. आणि हिरवं अधिक तशाच एका जागेपुढे, फक्त नाव वेगळं. जुनं नाव मी ठेवलेलं होतं, घाईत, काहीतरी 'मानपुर नवा फायनल दोन' असं. नवं नाव सुरेख होतं, ओळीने लावलेल्या फायलींसारखं. दप्तरदाराने साफसफाई काढली होती.

मागून हाक आली. "अरे मैडम! सुनो तो सही!" मी वळले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्या हाकेला वळले नाही. दप्तरदाराला फोन लावला.

"यस लिहिलं का?"

"नाही अजून. चहा घेऊन लिहितो."

"लिहू नका! प्लॅन परत वाचा."

"वाचला मॅडमजी. नावं नीट करतोय फक्त. एक जातंय, एक येतंय, बरोबरी."

"जाणाऱ्याच्या पोटात काय आहे?"

तिकडे कपबशीचा आवाज थांबला.

"आणि येणाऱ्याच्या पोटात?"

त्याने प्लॅन परत वाचून काढला. मग हळूच म्हणाला, "खाली आहे, रिकामं." त्याने समजावून सांगितलं, मला नव्हे, स्वतःला. फाइलीत नाव बदललं की टूलला कळत नाही की ही तीच वस्तू आहे. त्याला वाटतं जुन्या नावाची नको झाली, म्हणून पाडून टाकतो, आणि नव्या नावाची नवी रिकामी बांधतो. रात्रीची कॉपी होती, पण सकाळपासूनच्या पावत्या गेल्याच असत्या. आणि सकाळी मानपुरला किती ट्रक उभे असतात ते त्याला मी सांगायची गरज नव्हती.

"आता काय करायचं?"

"नो लिहितो. मग टूलला सांगायचं की वस्तू तीच, नाव फक्त नवीन. त्याचीही तरतूद आहे."

"मग ती आधी का नाही केली?"

"विसरलो," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मला एवढा आनंद झाला की मी रागवायचं विसरले.

ऑफिसात पोचले तेव्हा नवा प्लॅन आलेला होता: अॅड शून्य, चेंज शून्य, डिस्ट्रॉय शून्य. मानपुरला कुणाला काही कळलं नाही. दप्तरदार माझ्या केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. दहा पावलं चालून आला होता.

"मॅडमजी, एक विचार होता. तुमची परवानगी फाइलीत परत टाकू का? मी वरून वाचीन, तुम्ही खालून. दोघांनी वाचल्याशिवाय यस नाही."

माझ्या जिभेवर आलंच होतं. "राहू द्या, काय गरज आहे?" पहिल्या वेळेला हो म्हणायचं नाही. ओठ अर्धे उघडलेसुद्धा. मग त्याच्याकडे बघितलं. हा माणूस मी नाही म्हटलं तर "ठीक आहे मॅडमजी" म्हणून वळेल, जागेवर जाऊन बसेल आणि ग्रुपवर लिहील की मॅडमजींनी नकार दिला. आणखी चार महिने. कदाचित निवृत्तीपर्यंत.

"टाका," मी म्हणाले. एका शब्दात सौदा.

त्याने ओळ लिहिली, प्लॅन काढला, ग्रुपवर टाकला. अॅड एक, चेंज शून्य, डिस्ट्रॉय शून्य. ऑफिसने ग्रुपवर पसंतीचे अंगठे टाकले. त्याने 'यस' लिहिलं. मग फोन वाजला. कूलरवाला होता. "मैडम, आप तो सच्ची में चली गईं! ले जाओ भई, आपके ही भाव में ले जाओ." तीस वर्षं त्या रस्त्यावर नाटक करून चालले, आणि सगळ्यांत चांगला भाव मिळाला तो खरोखर चालू पडले तेव्हा.

सगळे जागेवर गेल्यावर मी फाइल उघडली. आता मला हक्क होता. माझी ओळ शोधली. माझी परवानगी तिथे होती, पूर्ण, आणि तिच्या वर दप्तरदाराने आपल्या सवयीने एक टीप लिहून ठेवली होती: "मॅडमजींच्या विनंतीवरून पुन्हा देण्यात येत आहे."

विनंती! मी? दारात कोण आलं होतं? कोण दहा पावलं चाललं?

भांडायला उठले आणि परत बसले. आता भांडायची गरज नव्हती, आता मी बदलू शकत होते. 'मॅडमजींच्या विनंतीवरून' खोडलं आणि तिथे लिहिलं, 'कंपनीची निकड बघून, मोठ्या इंजिनीअरच्या विनंतीवरून'. फाइल सेव्ह केली. नियमाप्रमाणे सगळं फाइलीतून केलं. चार महिन्यांनी पहिली कमांड स्वतःच्या हाताने दिली, आणि 'यस' लिहायला बोटं तयार ठेवली. हा एकच 'यस' मी पहिल्या फेरीत लिहिणार होते.

स्क्रीनवर ओळी उतरल्या. टूलने फाइल वाचली, तिकडचं बघितलं, दोन्ही ताडून बघितलं आणि लिहिलं की कसलाही बदल नाही, करण्यासारखं काही नाही.

कमांड संपली. मला त्याने काही विचारलंच नाही.

दप्तरदाराला हाक मारली. तो आला, वाकून बघितलं. टीप वाचली असणार, चेहरा मात्र हलला नाही.

"मॅडमजी, टीप माणसांसाठी असते. टूल ती वाचत नाही."

"म्हणजे मी काही बदललंच नाही?"

"फाइलीत बदललं ना. मी वाचलं," तो म्हणाला, आणि आपल्या जागेवर गेला. मी पावलं मोजत होते. एकदाही मागे वळला नाही.